"जरा पडतो रे": वामकुक्षी की पळवाट?

पाखाडी (धागाकर्ता)

कोकणात दुपारी एक ते चार कुणाच्या दारात जाऊ नये हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल तक्रार नाही. वामकुक्षीच्या विरोधात लिहून गावात राहायचं कसं?

प्रश्न दुसऱ्या झोपेचा आहे. आजोबांच्या नावावर अडकलेला सातबारा, पावसाच्या तोंडावरही न बदललेली फुटकी कौलं, पोफळींना (सुपारीच्या झाडांना) द्यायचं राहिलेलं औषध, बांधावरून शेजाऱ्याशी करायचं बोलणं. यातला कुठलाही विषय निघाला की माणसाला जांभई येते. "जरा पडतो रे, मग बघू." जांभई खोटी नसते, डोळे खरंच जड होतात. उठल्यावर चहा, चहानंतर तिन्हीसांजा, आणि तिन्हीसांजेला कागद कोण काढतो?

जाणकारांना तीन प्रश्न. ही झोप ओळखायची कशी? स्वतःची मोडायची कशी? आणि घरातल्या दुसऱ्याची मोडता येते का? "लवकर निजे लवकर उठे" छापाचं कृपया नको.

गजालवाडी

झोपलेल्याक उठवूक येता, सोंग घेतलेल्याक नाय. धागो संपलो. च्या घेवा.

अतिशहाणा

संपला कसा? तो म्हणतोय की सोंग नाही, खरोखर झोप येते. मुद्दाच तो आहे. आधी वाचा तरी.

गजालवाडी

दुपारचा वाचूक बसला की झोप येता ओ.

रातराणी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते. झोप किती तास घेतली यावरून काही कळत नाही. ती कशामुळे उडते ते बघा.

खरी झोप राहिलेली असेल तर माणूस आवडीच्या गोष्टीतही पेंगतो. मॅच चालू असताना मान पडते, गाडी चालवताना डोळा लागतो. टाळाटाळीच्या झोपेचं तसं नसतं. तलाठ्याचं नाव काढलं की डोळे मिटतात, पण गल्लीत माशेवालीची हाळी आली की माणूस टुणकन उठून पापलेट आहे का विचारतो. आणि ही झोप दोन तास काढूनही अंग मोडून आल्यासारखं वाटतं, कारण उठल्यावर काम तिथेच असतं.

तिसरा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच घरात ओळखला जात नाही. कामही नको, माशेही नकोत, नातवंडं आली तरी खोलीतून बाहेर यावंसं वाटत नाही, खाणं बदललं आहे, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे. याला आळस म्हणू नका. नैराश्यात काहींची झोप उडते, काहींची वाढते. डॉक्टरकडे न्या. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मनापर्यंत जाण्याआधी शरीरही तपासून घ्या. थायरॉईड मंद असणं, हिमोग्लोबिन कमी असणं, साखर वाढलेली असणं, या प्रत्येकात दिवसा गळून गेल्यासारखं होतं. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी, विशेषतः क्लोरफेनिरामाइन असलेल्या, हमखास गुंगी येते. आणि जो माणूस रात्री घोरतो, मध्येच त्याचा श्वास थांबतो आणि दचकून पुन्हा चालू होतो, त्याची झोप रात्रभर तुटत असते. तो दुपारी पेंगणारच. त्याला काम सांगून उपयोग नाही, झोपेची तपासणी सांगा.

डोलकाठी

रातराणी यांच्याशी सहमत, पण धाग्याचा सूरच मला खटकतो. झोप म्हणजे पळणं हे कुणी ठरवलं? रात्रभर समुद्रात जाळं टाकणारा खलाशी सकाळी बंदरावर मासे उतरवून घरी येतो आणि दुपारी झोपतो. वरच्या आळीतला माणूस पाहून म्हणतो, बघा कोळीवाडा कसा पसरलाय.

तेच पावसाळी बंदीचं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद. बाहेरच्याला वाटतं दोन महिने सुट्टी. त्या दोन महिन्यांत बोट वर ओढलेली असते, तळाचे शंख-शिंपले खरवडतात, सांध्यांत कापूस ठोकतात, रंग लावतात, इंजिन खोलतात, आणि जाळ्याची फाटकी घरं एकेक करून विणतात. जाळं विणताना माणूस भिंतीला टेकलेला असतो, अर्धे डोळे मिटलेले, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला. कुठल्या कोनातून बघणार त्यावर तो झोपलेला की कामात ते ठरतं.

हापूस_सोडून_बोला

डोलकाठींना दुजोरा. आंब्यात तर दुपारची झोप शास्त्रातच बसते. फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर करायची. भर दुपारी द्रावण पानावर टिकण्याआधी सुकतं आणि मारणाऱ्याचं डोकं फिरतं ते वेगळंच. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक शक्यतो टाळायचं, परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात. तेव्हा बारा ते तीन पडून राहणारा बागायतदार बरोबर वागतोय.

पण धागाकर्ता म्हणतो ती झोप बागेत दिसते, आणि ती दुपारची नसते, हंगामाची असते. मोहोर फुटायला लागला की तुडतुडे आणि भुरी थांबत नाहीत. फवारण्यांत साधारण पंधरवड्याचं अंतर धरतात. एक पाळी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून गेली की तुडतुड्यांची चिकट साखर पानांवर पडते, तिच्यावर काळी बुरशी चढते, आणि मग दुप्पट औषध मारूनही तो मोहोर परत येत नाही.

दुसरी खूण बांडगूळ. झाड हिरवंगार दिसतं म्हणून मालक निवांत असतो आणि त्या हिरव्यातला बराचसा हिरवा आंब्याचा नसतोच. पक्षी बी आणतात, ते चिकट असतं, फांदीवर रुजतं आणि मुळं थेट लाकडात घुसवून पाणी ओढतं. नुसतं वरून ओरबाडून उपयोग नाही, मुळाचा भाग लाकडात राहतो आणि पुन्हा फुटतो. जिथे रुजलंय तिथून फूटभर खाली फांदी कापायची, कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची, आणि हे सगळं त्याची फळं पिकायच्या आधी. बारकी फांदी असताना कोयत्याचं काम असतं. दहा वर्षं थांबलात तर अर्धं झाड उतरवावं लागतं.

बोरिवली_लोकल

आम्ही चाकरमानी मंडळी गणपतीत येतो, दहा दिवस झोपतो आणि जातो. हा धागा आमच्यावर आहे का? 😅

गजालवाडी

नाय ओ, तुमी झोपतास खय? तुमी तर रातभर पत्ते खेळतास.

नमुना_सहा

धागाकर्त्याने सातबाऱ्याचा उल्लेख केलाय त्यावर सविस्तर, कारण कोकणात सगळ्यात मोठी सामुदायिक झोप तिथेच आहे. एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत. लोकांना वाटतं, वारस नोंद म्हणजे सगळ्या भावंडांची संमती, म्हणजे भांडण, म्हणजे झोपलेलं बरं. ही समजूतच चुकीची आहे.

वारस नोंदीला सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत. कुठलाही एक वारस अर्ज करू शकतो, मात्र अर्जात सगळ्या वारसांची नावं द्यावी लागतात. कागद फार नाहीत: मृत्यू दाखला, मयताचा 8अ उतारा (त्याच्या नावावरच्या सगळ्या जमिनींची यादी), वंशावळीसह वारसांची नावं-वयं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणा, अर्जदाराचं ओळखपत्र. अर्ज तलाठ्याकडे देता येतो, ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून घरबसल्याही करता येतो. कायद्याने मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं (जमीन महसूल संहिता 1966, कलम 149). उशीर झाला म्हणून हक्क जात नाही.

पुढे 6क या वारस नोंदवहीत चौकशी होते, मग गाव नमुना 6 मध्ये फेरफार (नावबदलाची नोंद) लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि नाव सातबाऱ्यावर चढतं. हरकत आली तर प्रकरण 6अ या वादांच्या नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते.

अडतं कुठे? एक, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली आणि दाखलाच काढलेला नाही. दोन, कागदावर नाव "बाळा" आणि दाखल्यावर "बाळकृष्ण". तीन, आणि हे मुद्दाम होतं, बहिणींची नावं वगळतात. हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात मुलगी 1956 पासून वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलासारखाच जन्मतः हक्क त्याच कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने दिला, आणि त्यासाठी 2005 साली वडील हयात असणं गरजेचं नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तिला हिस्सा नको असेल तर नोंद झाल्यावर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. "ती काय मागणारे" असं म्हणत नाव गाळणं म्हणजे पुढच्या पिढीच्या उशाशी खटला ठेवणं.

पाखाडी (धागाकर्ता)

नमुना_सहा, हे माहीतच नव्हतं की सह्या लागत नाहीत. म्हणजे भांडणाच्या भीतीने जे टाळलं जातं त्यात भांडणाची पायरी येतच नाही?

नमुना_सहा

नोंदीत येत नाही, वाटपात येते. नोंद झाली की सगळे सामाईक. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे कलम 85 खाली वाटप होतं, नसतील तर दिवाणी न्यायालय. पण नोंदीशिवाय फळपीक विम्यापासून कर्जापर्यंत काहीच हलत नाही. आणि एक लक्षात घ्या, सातबारा हा महसुली अभिलेख आहे, त्यावर नाव चढल्याने कुणी नवीन मालक होत नाही आणि न चढल्याने कुणाचा वारसा बुडत नाही.

बोरिवली_लोकल

गावातला चुलतभाऊ बारा वर्षं जमीन कसतोय, मग ती त्याची झाली असं ऐकतो. आपण झोपलो तर गेलीच ना?

नमुना_सहा

सहहिस्सेदाराचा नुसता ताबा बारा वर्षांनी मालकी होत नाही. बाकीच्यांचा हक्क त्याने उघडपणे नाकारला होता आणि त्यांना ते माहीत होतं, हे सिद्ध करावं लागतं. कसतोय तो बहुतेक वेळा तुमची जमीन जंगल होण्यापासून वाचवतोय. आधी त्याला फोन करून बरं विचारा.

खळं_सारवणारी

इतकं सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही: ही झोप परवडते कुणाला?

मे महिन्यात दुपारी पडवीत घरधनी घोरत असतो तेव्हा खळ्यात आमसुलं चालू असतात. रातांबे (कोकमाची फळं) फोडून सालं वेगळी करायची, गराच्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. पाच-सहा दिवस हाच फेरा, साल काळपट लाल आणि मऊ चिवट होईपर्यंत. मध्ये एक दिवस चुकला किंवा वळवाचा शिंतोडा लागला की बुरशी धरते आणि अख्खी रास फेकायची. त्यात कावळे, कोंबड्या, आणि तीन वाजता उठलेल्याचा चहा.

तेव्हा "जरा पडतो" हे क्रियापद आमच्याकडे सहसा पुल्लिंगी चालतं. बाईची टाळाटाळ झोपेत नसते, ती कामात असते. बँकेत जायचं नसेल तर ती डबे घासायला काढते.

रातराणी

खळं_सारवणारी, शेवटचं वाक्य अगदी बरोबर, आणि वैद्यकीय बाजूनेही बरोबर. टाळण्याचं साधन माणसागणिक बदलतं. कुणाला झोप, कुणाला डबे, हल्ली बहुतेकांना मोबाईल. समोरचं काम नकोसं वाटतं, त्यापासून बाजूला झालं की लगेच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच सवय पक्की करतं. झोपेला शिक्षा करून उपयोग होत नाही तो यामुळे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते. डुलकी बंद करू नका, तिला कुंपण घाला. दुपारी तीनच्या आत, वीस मिनिटं, गजर पंचवीसचा. पलंगावर नको, आरामखुर्चीत किंवा पडवीतल्या बाकावर. अर्ध्या-पाऊण तासाने गाढ झोपेतून उठवलं तर डोकं बराच वेळ बधिर राहतं, आणि "अजून जरा" तिथूनच सुरू होतं. झोपण्याआधी कपभर कॉफी प्यायली तरी चालते, तिचा परिणाम वीस-तीस मिनिटांनी चढतो, म्हणजे उठायच्या वेळेला. उठलं की लगेच उजेडात या. रात्री झोप लागत नसेल तर मात्र दुपारची ही डुलकीही काही आठवडे सोडावी लागते.

आणि पडण्याआधी कामाचा पुढचा तुकडा बाहेर काढून ठेवा, इतका छोटा की त्याची भीती वाटू नये. "वारस नोंद करणे" हा तुकडा नाही. "मृत्यू दाखल्याची झेरॉक्स काढणे" हा तुकडा. उत्साह येईल मग करू, हा क्रम उलटा आहे. बहुतेक वेळा हात हलल्यावर उत्साह येतो.

काकडआरती

अवांतर, पण रंजक. आषाढी एकादशीला आपण देव झोपवतो आणि कार्तिकीला उठवतो. हे चार महिने कोकणात कधीचे? लावणीपासून कापणीपर्यंतचे. माणूस चिखलात वाकलेला असताना देव निजलेला. आणि देव उठला, तुळशीचं लग्न लागलं, की दशावतार सुरू, म्हणजे माणसांनी रात्र रात्र जागायचं. आपल्या पूर्वजांचं झोपेचं वेळापत्रक देवाशी पाळ्या लावून होतं!

आयुर्वेदातही दिवसा झोपायला मनाई आहे, पण ग्रीष्माचा अपवाद केलाय. तेव्हा एप्रिल-मेमधल्या घोरणाऱ्यांना शास्त्राधार आहे, जुलैमधल्यांना नाही.

गजालवाडी

कुंभकर्ण सहा महिन्यांनी तरी उठायचो. मुंबई-गोवा हायवेचा काय ता बोला.

अतिशहाणा

धागा हायवेवर नेऊ नका, दोनशे प्रतिसाद होतील आणि खड्डा तिथेच राहील.

हापूस_सोडून_बोला

धागाकर्त्याने पोफळींचं लिहिलंय त्याची तारीख जवळ आलीय म्हणून, हायवे बाजूला ठेवून. कोळेरोगासाठी (पावसात सुपारी कुजून गळते तो) एक टक्का बोर्डो मिश्रण, पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. शंभर लिटरला मोरचूद एक किलो, चुना एक किलो. मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, चुना पन्नास लिटरमध्ये, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत. लोखंडी भांडं चालत नाही. चुना गाळून घ्यायचा, नाहीतर नोझल तुंबतं आणि माणूस झाडाच्या शेंड्यावर असताना शिव्या देतो. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात सावकाश ओतायचं आणि ढवळत राहायचं, उलटं नाही. घासलेला विळा मिनिटभर बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

यात लोक झोपतात ते औषधाशी नाही, चढणाऱ्या माणसाशी. पोफळीवर चढणारे गावात मोजके, आणि ते मेच्या पहिल्या पंधरवड्यातच सगळ्यांचे ठरून जातात. मोरचूद दुकानात कधीही मिळतं. फोन आधी चढणाऱ्याला करा.

डोलकाठी

हे उत्तम. सगळ्या टाळाटाळीत असा एक फोन असतो बहुतेक.

बोरिवली_लोकल

कौलांचं कुणी सांगेल का? घर वर्षभर बंद असतं.

हापूस_सोडून_बोला

बंद घराचं एक फुटकं कौल पुरतं. पाणी रिपेवरून वाशावर, वाशावरून भिंतीच्या डोक्यावर, आणि वासा कुजतो तो नेमका भिंतीत टेकलेल्या टोकाला, जिथे खालून दिसत नाही. मेमध्ये माणूस चढवून वानरांनी सरकवलेली कौलं बसवून घ्या, दोन डझन जादा कौलं पडवीत रचून ठेवा, कारण जुन्या मापाचं कौल ऐन पावसात मिळत नाही. पन्हळीतला पाला काढा. शेजारी किल्ली ठेवा आणि महिन्यातून एकदा दारं-खिडक्या उघडायला सांगा, त्याचे पैसे ठरवून द्या. फुकटच्या किल्लीने दार उघडत नाही.

गजालवाडी

सगळे इतके कामाक लागले तर गाऱ्हाणा घालूकच होया.

बा देवा म्हाराजा! — होय म्हाराजा!
ह्या धाग्यार जो कोण सातबारो उशाक घेवन झोपलो आसात, तेका जाग येवंदे रे म्हाराजा! — होय म्हाराजा!
जो कोण दुसऱ्याक जागो करूक इलो आसात, तेच्या घराची कौला आधी शाकारलेली असांदे रे म्हाराजा! — होय म्हाराजा!
आनी दुपारच्या वीस मिनिटांक कोणाची नजर लागा नको रे म्हाराजा!

खळं_सारवणारी

होय म्हाराजा 😂

पाखाडी (धागाकर्ता)

होय म्हाराजा! तिसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. घरातला मोठा माणूस, सत्तरीपुढचा, सगळे कागद त्याच्याच ट्रंकेत, आणि विषय काढला की कूस बदलतो. त्याचं काय करायचं?

अतिशहाणा

ट्रंक फोडा.

रातराणी

फोडू नका. आधी मी लिहिलेल्या तिसऱ्या प्रकारातलं काही दिसतंय का ते बघा, या वयात कमी ऐकू येणं आणि विसरभोळेपणाही असतो, आणि माणूस ते कूस बदलून झाकतो. तसं नसेल तर विषय दुपारी आणि चारचौघांत काढू नका. सकाळी, एकट्यात, आणि "कागद द्या" असं न म्हणता एकच विचारा: जमिनीचे गट नंबर कुठले? बहुतेक मोठ्या माणसांना ते तोंडपाठ असतात आणि सांगायला आवडतात. टिपून घ्या.

नमुना_सहा

गट नंबर मिळाले की ट्रंकेची गरजच उरत नाही. सातबारा आणि 8अ महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर नुसता बघायला फुकट आहे, डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. जुने फेरफार ऑनलाइन नसले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. मृत्यू दाखला जिथे मृत्यू झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत मिळतो, गावात नाही. मुंबईत वारलेल्यांचे दाखले लोक गावात शोधत बसतात.

पाखाडी (धागाकर्ता)

आजोबा मुंबईतच गेले. म्हणजे बोरिवली_लोकल, तुमच्याकडे काम आलं.

बोरिवली_लोकल

वॉर्ड कुठला ते व्यनि (खासगी निरोप) करा. सोमवारी जातो. दुपारच्या आधी.